खवलेवाले आणि आमची खिडकी

परग्रहावरचे लोक आपलं वय कसं मोजत असतील, हा प्रश्न मला उभ्या आयुष्यात कधी पडला नव्हता. मला पडणारे प्रश्न साधे असत. आठवीचा भूगोल आणि नववीची कवायत एकाच मास्तरांच्या गळ्यात मारली तर मधे त्यांना पाणी प्यायला वेळ मिळेल का, अशा जातीचे. निवृत्त होईपर्यंत शाळेचं वेळापत्रक मी केलं. माझ्या कारकिर्दीत एका वर्गावर दोन मास्तर कधी आले नाहीत, एकही वर्ग मास्तराविना राहिला नाही, आणि एकाही मास्तराने मला कधी मनापासून नमस्कार केला नाही. मुलं मला ‘तास सर’ म्हणायची. निरोपसमारंभात मुख्याध्यापक माझ्याबद्दल दोन बरे शब्द बोलायला उठले आणि पहिल्या शब्दाला घंटा झाली, म्हणून दुसरा शब्द राहिलाच. ती घंटा मीच लावून दिलेली होती.

तर, ज्या आठवड्यात बायकोने खिडकी मागितली त्याच आठवड्यात भाच्याने ग्रह आणला. दोन्ही कामं मी अंगावर घेतली. यातलं एक जरी नाकारलं असतं तरी पुढची शोभा टळली असती, पण निवृत्त माणसाला कोणी काम सांगितलं की तो आधी हो म्हणतो आणि मग काम काय आहे ते विचारतो.

आधी खिडकीचं सांगतो. बायकोने औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून नोकरी केली. त्यामुळे डॉक्टरांची मोठी पंचाईत झाली. इतरांना ते जे गोल गोल बोलून घरी पाठवतात ते हिच्यासमोर चालेना. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, चष्मा पुसला, ‘आपण प्रयत्न करत राहू’ म्हणाले. हिने चिठ्ठीवरची औषधांची नावं वाचली आणि विचारलं, “म्हणजे साधारण किती पट्ट्या?” दुकानात काम केलेल्या माणसाचं कॅलेंडर गोळ्यांच्या पट्टीवर चालतं. आमच्या घरी पाहुणे किती दिवस राहिले हेसुद्धा ती पट्ट्यांमध्ये सांगायची. डॉक्टर म्हणाले, काही महिने. वर्ष हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. तो काढावा म्हणून मी खुर्चीत बसूनच राहिलो, तेव्हा बाहेरच्या मुलीने पुढच्या पेशंटला आत पाठवलं आणि मला उठावं लागलं.

परत येताना बसमध्ये ती म्हणाली, पलंगाशेजारच्या भिंतीत मोठी खिडकी करून द्या, पडल्या पडल्या रस्ता दिसेल अशी. आमच्या झोपायच्या खोलीत छताजवळ एक झरोका आहे आणि त्यातून शेजारच्या इमारतीचा सांडपाण्याचा पाईप दिसतो. एवढी वर्षं काउंटरमागून येणारीजाणारी माणसं बघितली, आता शेवटी पाईप बघत पडायचं तिच्या जिवावर आलं होतं. लग्नापासून तिने माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मागितलं ते एकदम लांबी-रुंदीसकट मागितलं.

आता ग्रह. माझ्या बहिणीचा मुलगा कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. कंपनी म्हणजे चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. त्यांच्या खेळात निरनिराळ्या ग्रहांवर निरनिराळ्या जातींचे प्राणी राहतात, आणि प्रत्येक जातीला वेळ मोजायची आपापली रीत लागते. एक जात दोन चंद्रांच्या भरतीवर दिवस मोजते. एक जात आपण शिंकून नाक पुसेपर्यंत जन्मून, संसार करून मरते. एक जात दगडांची आहे. ते ‘आलोच’ म्हणाले की आपल्याकडे पिढी बदलते. या दगडांशी त्या शिंकेवाल्यांनी तह केला तेव्हा प्रश्न एकाने विचारला आणि उत्तर ऐकायला त्याच्या नातवाचा खापरपणतू हजर होता. हे सगळं भाच्याच्या टोळीने आधीच करून ठेवलं होतं. घोडं अडलं होतं ते खवलेवाल्यांपाशी.

खवलेवाले सहा पायांचे, पाठीवर खवले असलेले, स्वभावाने गरीब. त्यांच्या ग्रहाची एकच बाजू कायम सूर्याकडे असते आणि हे राहतात बरोबर कडेला, त्यामुळे तिथे सदासर्वकाळ संध्याकाळ. दिवस नाही, रात्र नाही, ऋतू नाहीत. मग वर्ष कसलं आणि वय कसलं. भाचा म्हणाला, “मामा, वेळेतलं तुमच्याइतकं कोणाला कळतं? एवढं जमवून द्या.” मी लगेच चष्मा लावला.

माझा पहिला प्रस्ताव अर्थातच घंटेचा होता. गावाच्या मधोमध एक घंटा, ती वाजवायला एक जबाबदार प्राणी, आठ तास, एक मधली सुट्टी. भाच्याने विचारलं की घंटा वाजवणाऱ्याला कधी वाजवायची ते कसं कळणार. मी त्याला म्हटलं, मला कसं कळायचं? तो म्हणाला, तुमच्या हातात घड्याळ होतं. प्रस्ताव तिथे बारगळला. मग शेजाऱ्यांपर्यंत बातमी गेली, कारण आमच्या इमारतीत भिंती नुसत्या दाखवायला आहेत. समोरच्या घरातले निवृत्त बँकवाले येऊन सांगून गेले की त्यांनी वेळ व्याजावर मोजावी, मुद्दल दुप्पट झालं की माणूस सज्ञान. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं, सुनेने किती वेळा उलट उत्तर दिलं यावर सासूचं वय धरावं. खवलेवाल्यांमध्ये सुना असतात की नाही हे ठरलेलं नाही असं मी म्हटलं, तर त्या म्हणाल्या, मग ते जगतात कशाला?

ही सगळी सल्लामसलत बायको पलंगावरून ऐकत होती. ती म्हणाली, “एवढे खवले दिलेत ना त्यांना? मग तेच मोजा. जन्माला येताना प्रत्येकाच्या पाठीवर ठरावीक खवले. एखादं काम पूर्ण केलं की एक गळतो. संपले की संपला.”

भाचा दाढी खाजवायचा थांबला. म्हणजे या ग्रहावर वेळ आपली आपण जात नाही, प्राण्याने काही पुरतं केलं तरच ती पुढे सरकते. ‘दोन खवल्यांपूर्वी भेटलो होतो’ म्हणजे तेव्हापासून दोन कामं उरकली. बँकवाल्यांना हे फार आवडलं. त्यांच्या मते या हिशेबाने त्यांचा साहेब अजून तान्हा होता. मला मात्र तत्त्वाचा प्रश्न पडला की यात आळशी माणसाला दीर्घायुष्य आणि कष्टाळू माणसाला अकाली मरण, हा कुठला न्याय. बायको म्हणाली, इथे तरी कुठला न्याय आहे? मी चहा टाकायला आत गेलो.

पण पूर्ण झालेलं काम कशाला म्हणायचं, यावरून आमच्यात दोन-तीन संध्याकाळी रणं माजली. घर बांधलं, पूल बांधला, पोरगं वाढवलं, हे पूर्ण. यावर एकमत होतं. मी म्हटलं, भांडी घासली की एक खवला. बायकोने ते साफ धुडकावलं. भांडी उद्या पुन्हा खरकटी होतात, तेव्हा ते काम पूर्ण झालं असं म्हणताच येत नाही. झाडणं, पुसणं, कपडे धुणं, पोराचं नाक पुसणं, यातलं काही मोजायचं नाही. काकू खालून वर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, मग त्या ग्रहावर बाया मरतच नसतील. बायको हसली. त्या आजारपणात ती इतकी मोकळी हसलेली मी तेव्हाच पाहिली, म्हणून तो नियम मी तसाच लिहून टाकला.

नियम घेऊन मी कंपनीत गेलो. तिथली प्रमुख मुलगी खुर्चीवर मांडी घालून बसली होती, पायात चप्पल नाही, आणि खाली चपलांचं दुकान. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण काका, हे खेळायला मजा येईल का?” शाळेत वेळापत्रक लावल्यावर असला प्रश्न मला कोणी विचारला असता तर मी त्याला शेवटचा तास लावला असता. तरी नियम मंजूर झाला. खेळाच्या शेवटी ज्यांची नावं येतात त्यात माझंही घालायचं ठरलं. भाच्याने ते दाखवलं. तिथे लिहिलं होतं, ‘आजोबा (वेळ)’. मी चष्मा काढून खिशात घातला. तसं बोलण्यासारखं खूप होतं.

चाचणीचा खेळ भाच्याने मामीच्या पलंगावर लॅपटॉपमध्ये लावून दिला. तिने एक खवलेवाली पाळली आणि तिच्याकडून नदीवर पूल बांधून घ्यायला सुरुवात केली. इकडे मी खिडकीच्या मागे लागलो.

घर पाहावं बांधून म्हणतात. मी म्हणतो, ते राहू द्या, बांधलेल्या घराला भोक पाडून पाहा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं की बाहेरची भिंत सगळ्यांची, तुमची फक्त आतली बाजू. तेव्हा आतल्या बाजूने खिडकी करा, हरकत नाही. मग त्यांना महापालिकेची परवानगी लागली. महापालिकेत बांधकामाच्या टेबलावर त्या दगडांच्या जातीचा एक प्रतिनिधी बसतो. त्याने माझा अर्ज हातात घेतला आणि विचारलं, कारण काय लिहू? मी म्हटलं, हवा आणि उजेड. तो म्हणाला, आहे त्या झरोक्यातून काय येतं? मी म्हटलं, पाईप दिसतो. त्याने ‘पाईप’ असं लिहिलं, आणि मग बघतो म्हणाला. तो बघत राहिला तोवर घरात पट्ट्या संपत होत्या. रिकाम्या पट्ट्या बायको फेकू देत नसे, उशाशी डब्यात ठेवायची. शेवटी परवानगी आली, मुदतीसकट आली, आणि गवंडी येऊन त्याने एका दिवसात भिंतीला भलंमोठं भगदाड पाडलं. संध्याकाळी हात धुताना तो म्हणाला, आता सुतार चौकट बसवेल, काचवाला काच लावेल, दोन दिवसांत संपवून टाकू.

संपवून टाकू हे शब्द माझ्या कानात अडकले. त्याच दिवशी दुपारी भाचा घाबराघुबरा होऊन आला होता. बाहेरच्या लोकांना चाचणीसाठी खेळ दिला होता आणि खवलेवाल्यांचं आख्खं राज्य ठप्प झालं होतं. आपला प्राणी मरू नये म्हणून कोणी काही पूर्णच करेना. घरांना छपरं नाहीत, विहिरींना पाणी लागायच्या आत खोदणं बंद, पूल नदीच्या मध्यावर येऊन थांबलेले. सगळे प्राणी अजरामर आणि सगळे पावसात भिजत उभे. प्रमुख मुलीने ‘मजा’ हा शब्द पुन्हा काढला होता. मी भाच्याला म्हटलं, नियम चुकला नाही, लोक भित्रे आहेत.

दुसऱ्या दिवशी सुतार चौकट घेऊन आला तेव्हा मी त्याला सांगितलं की लाकूड ओलं वाटतं, वाळवून आणा.

हे मी का केलं ते तेव्हा मला विचारलं असतं तर मी लाकडाबद्दलच बोललो असतो. मी शकुन-अपशकुन मानणारा माणूस नाही. मांजर आडवं गेलं म्हणून मी कधी शाळेत उशिरा पोचलो नाही. पण ती खिडकी तिची शेवटची मागणी होती, आणि ती पूर्ण झाली की पुढे काय, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. मला भीती वाटत होती. वेळ काम पुरं झाल्यावरच पुढे सरकते, हे मीच माझ्या हाताने लिहून मंजूर करून आणलं होतं. मग आमच्या घरात काहीच पुरं झालं नाही तर?

सुतार वाळवून आणला, म्हणजे लाकूड. मग मला चौकटीचा कोपरा तिरका दिसला. काचवाला आला, त्याच्या काचेत मला बुडबुडा दिसला. तो बिचारा काच उन्हात धरून बघत राहिला, त्याला दिसेना. मी म्हटलं, तुम्हाला नाही दिसणार. भगदाडाला निळं प्लास्टिक लावून ठेवलं होतं. ते वाऱ्याने दिवसभर फडफडायचं, खोलीत धूळ यायची आणि सगळा उजेड निळा. बायको त्या निळ्या उजेडात खोकत पडलेली असायची. झरोक्यातून निदान पाईप दिसायचा.

एकदा हे सुरू झालं की कुठे थांबायचं ते कळत नाही. शब्दकोड्यातला एक शब्द मी रोज सोडून द्यायला लागलो. डब्यातली साखर तळाशी आली की वर नवीन ओतायची. गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला शेवटचा आटा पिळू दिला नाही. न्हाव्याच्या खुर्चीतून मी उजवी बाजू राहिलेली असताना उठलो आणि तसाच बाजारात गेलो. सोसायटीने जिन्याचा कठडा रंगवायची पाळी आमच्यावर आणली होती, तो मी निम्म्यापर्यंत रंगवला. सेक्रेटरींनी लेखी विचारणा केली की उरलेला कठडा का सोडला. मी उत्तर लिहायला घेतलं आणि तेही अर्धवट ठेवलं.

इमारतीत कुजबुज सुरू झाली. बँकवाल्यांनी मला जिन्यात गाठून आज वार कोणता, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. काकूंनी स्मरणशक्तीची कसलीशी पुडी आणून दिली आणि एका बाजूने वाढलेल्या माझ्या केसांकडे बघून डोळ्याला पदर लावला. ज्या माणसाने आख्ख्या शाळेचे तास तोंडपाठ ठेवले त्याला वार विचारावा, याच्यासारखा अपमान नाही. पण मी तो गिळला. म्हातारपणी डोकं चाललं असं लोकांना वाटतंय तर वाटू दे, खरं कारण सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

बायकोला यातलं काही कळलं नव्हतं असं फक्त मला वाटत होतं. औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करतं तेव्हाच त्याच्या घरात काय चाललंय ते काउंटरमागच्या माणसाला समजतं. एका सकाळी मी तिला चहा दिला. अर्धा कप. हल्ली मी भरून देत नसे. तिने कप हातात घेतला आणि मला बसायला सांगितलं.

“काचेत बुडबुडा नव्हता ना?” तिने विचारलं.

मी म्हटलं, बारीक होता.

“अहो, काच बसली नाही म्हणून मी थांबणार नाहीये,” ती म्हणाली. “मला फक्त रस्ता दिसणार नाही.”

आवाज चढवला नाही, रडली नाही. दुकानात गोळी जेवणाआधी घ्या असं सांगायची त्याच आवाजात सांगितलं. मग तिने तो अर्धा चहा पिऊन टाकला आणि म्हणाली, उरलेला पण आणा.

मी उठलो. पुढचे दिवस मी जेवढा पळालो तेवढा नोकरीत पळालो नाही, आणि आता सगळं माझ्यावर उलटलं. गवंडी दुसऱ्या कामाला लागला होता. सुतार म्हणाला, मास्तर, तुमचं लाकूड वाळलं का ते आधी बघून घ्या. काचवाल्याने ती काच एका केशकर्तनालयाला दारासाठी कापून दिली होती, तेच केशकर्तनालय जिथून मी निम्मा उठून आलो होतो. आणि परवानगीची मुदत संपली होती. सेक्रेटरींनी सांगितलं की मुदत वाढवून आणल्याशिवाय भगदाडाला हात लावाल तर काम थांबवायला मी स्वतः येईन.

मी महापालिकेतल्या त्या दगडाकडे गेलो. त्याने अर्ज बघितला, मग माझ्याकडे बघितलं. “तास सर ना तुम्ही?” तो म्हणाला. माझ्याच शाळेतला निघाला. मला वाटलं, सुटलो. तो म्हणाला की त्याच्या वर्गाला आख्ख्या वर्षात मी एकही मोकळा तास मिळू दिला नव्हता, मास्तर आजारी पडले तरी मी दुसरा पाठवायचो. मी म्हटलं, बाळ, ती माझी नोकरी होती. तो म्हणाला, बरोबर आहे सर, आणि ही माझी आहे, पुढच्या आठवड्यात या. पुढचा आठवडा माझ्याकडे असेलच याची मला खात्री नव्हती. हे त्याला सांगायला मी तोंड उघडलं, पण रांगेतल्या माणसाने मला कोपराने बाजूला केलं.

मी आयुष्यात रांग मोडली नाही की विनातिकीट बसलो नाही. तरी त्या दिवशी महापालिकेतून निघालो तो थेट सुताराकडे गेलो. त्याच्या दुकानात उभं राहून, लाकूड ओलं नव्हतं, कोपराही सरळ होता, हे मोठ्याने कबूल केलं. तिथली माणसं काम थांबवून ऐकत होती. मग हेच काचवाल्याकडे बुडबुड्याबद्दल. तो म्हणाला, मला माहीत होतं, आणि त्याने नवी काच कापायला घेतली. आणि दुसऱ्या दिवशी परवानगीशिवाय, दिवसाढवळ्या, दोघे माझ्या घरी आले.

चौकट बसली तोवर सेक्रेटरी नोटीस हातात घेऊन दारात हजर. मागे बँकवाले, काकू, सगळे. सेक्रेटरी तावातावाने खोलीपर्यंत आले. तिथे पलंग आडवा होता, त्यावर ही. ते बराच काळ आमच्याकडे फिरकले नव्हते, त्यामुळे तिच्यात झालेला फरक त्यांनी पाहिला नव्हता. त्यांचा नोटीस धरलेला हात खाली आला. तेवढ्यात काचवाल्याने, काच मोठी, माणूस एक कमी, म्हणून ओरडून सांगितलं की कोणीतरी डावी कड धरा. मी खालची कड धरून होतो. सेक्रेटरींनी नोटीस घडी करून खिशात घातली आणि डावी कड धरली. काच बसेपर्यंत ती धरून होते. जाताना म्हणाले, नोटीस मी देणारच आहे, उद्या.

निळं प्लास्टिक काढलं. बायको कुशीवर वळली. समोर बसथांबा होता, एक माणूस पाय बाकावर ठेवून बुटाची नाडी बांधत होता, आणि गाडी कुठे लावायची यावरून दोन बायका भांडत होत्या. विशेष काहीच नव्हतं. ती बघत राहिली. माझ्याकडे न बघता माझा हात शोधून घेतला आणि म्हणाली, “गळला एक.”

तेव्हापासून तिची सगळी करमणूक खिडकीत होती. कोणाला खोकला झालाय, कोण मधुमेह असून गोड घेऊन चाललाय, हे ती पलंगावरून ओळखायची. अधूनमधून लॅपटॉप घ्यायची. तिची खवलेवाली त्या आख्ख्या राज्यात एकटीच कामं पूर्ण करत सुटली होती. पूल पलीकडे पोचला, त्यावरून इतरांच्या छप्पर नसलेल्या घरांना लाकूड जायला लागलं. शेवटी पाठीवर एकच खवला उरला. तो गळला की काय होतं, असं तिने भाच्याला विचारलं. तो म्हणाला, माहीत नाही मामी, तिथपर्यंत कोणी आलंच नव्हतं, आणि मामांनी ते लिहिलेलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि लॅपटॉप मिटला.

ती आणखी किती राहिली ते मी सांगत बसणार नाही. शेवटच्या पट्टीत गोळ्या शिल्लक राहिल्या एवढं सांगतो. ती पट्टी मी डब्यात ठेवली, बाकीच्या रिकाम्यांबरोबर.

लोक येऊन गेले. सेक्रेटरींची नोटीस आली, दंडासकट, आणि ती द्यायला ते स्वतः आले आणि बसथांब्याकडे बघत बराच वेळ बसले. महापालिकेने मुदतवाढही दिली, कारणाच्या जागी ‘पाईप’ लिहिलेली. केस मी दोन्ही बाजूंनी सारखे करून घेतले. कठडाही रंगवला.

मग भाचा आला. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला, त्याने आणि मी चहा घेतला. शेवटी खाली मान घालून म्हणाला की खेळ बाजारात जायचाय आणि एक नियम अडकलाय. “मामा, शेवटचा खवला गळला की काय होतं?”

मी खिडकीशी होतो. काचेवर बाहेरून धूळ बसते, आतून बोटं उमटतात, रोज पुसावी लागते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

“काही होत नाही,” मी म्हटलं. “बाकीच्यांनी भांडी घासायची.”

मग त्याने ते तसंच लिहून घेतलं. मी त्याच्यापुढचा कप उचलला, माझा उचलला, आणि दोन्ही विसळायला आत गेलो.